लॅक्स्टन : एका इंग्रजी खेड्याचे शिवार, सोयी व इतिहास
(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासमंडळासाठी)

१. अभ्यासाचा हेतू

परिसराचा भूगोल व स्थानिक इतिहास शिकविताना खेड्यातील शिक्षकांपुढे एक अडचण वारंवार उभी राहते. ज्या गावी किल्ला नाही, लेणे नाही, ज्याचे नाव बखरीत अगर पोवाड्यात आलेले नाही, त्या गावाचा इतिहास मुलांना सांगावयाचा तरी कोणता? मग पाठ्यपुस्तकातील राजे व लढाया यांवरच वेळ जातो, आणि मूल ज्या मातीत वाढते तिला काही इतिहास आहे ही जाणीव त्याच्या मनात रुजत नाही.

या अडचणीचा विचार करताना इंग्लंडातील लॅक्स्टन या खेड्याची माहिती उपयोगी पडेल. हे गाव गाजलेल्या रणसंग्रामासाठी किंवा थोर पुरुषाच्या जन्मासाठी प्रसिद्ध नाही. दूरदूरचे अभ्यासक तेथे जातात ते त्याचे शिवार पाहण्यासाठी. शेताच्या हद्दी कशा राखल्या, सामाईक गवत कोणी कापले, शेजाऱ्याच्या जमिनीत नांगर घालणाऱ्यास काय दंड झाला, हाच या गावाचा इतिहास होय. आणि तो पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालू राहिला आहे.

२. गावाचा परिचय

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅम परगण्यात, नेवार्क शहराच्या वायव्येस, शेरवुड अरण्याच्या पूर्वेकडील प्रदेशात वसलेले आहे. जमीन चिकण व जड. पाऊस झाला की पाय रुतावे अशी. नॉर्मन राजा विलियम याने १०८६ मध्ये इंग्लंडातील गावांची जी मोठी जमीन-पाहणी करविली, तिच्या दप्तरात या गावाची नोंद आहे. त्यानंतरच्या काळात गावाच्या उत्तरेस उंच मातीचा बुरूज व भोवती खंदक असलेली गढी बांधली गेली. शेरवुड अरण्याचा कारभार पाहणाऱ्या घराण्याचे ते ठाणे होते. आज तेथे गवताने झाकलेली टेकाडे तेवढी उरली आहेत.

गावाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंडातील बहुतेक भागांत शेतकऱ्याचे घर त्याच्या शेताच्या मध्यभागी, गावापासून दूर, एकटे उभे दिसते. लॅक्स्टनमध्ये मात्र जुनी शेतघरे, गोठे व धान्याची कोठारे गावातील रस्त्यालगत ओळीने आहेत, आणि शेते गावाबाहेर पसरलेली आहेत. सकाळी गावातून शिवारात जावे व सायंकाळी परतावे ही रीत आपल्याकडील मुलांना सांगावी लागणार नाही. इंग्लंडात मात्र ती आता दुर्मिळ झाली आहे.

३. तीन शेते व त्यांतील पट्टे

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागात बहुसंख्य गावांची जमीन दोन किंवा तीन अतिविस्तीर्ण शेतांत विभागलेली असे. लॅक्स्टनमध्ये अशी तीन शेते आजही आहेत : पश्चिम शेत, दक्षिण शेत व गिरणीचे शेत. ही तिन्ही मिळून क्षेत्र पाचशे एकरांच्या आसपास भरते. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत वाटलेले असून एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. त्यामुळे चांगली जमीन, हलकी जमीन, जवळची व दूरची जमीन ही प्रत्येकाच्या वाट्यास थोडीथोडी येते. आणि एका ठिकाणचे पीक बुडाले तरी दुसऱ्या ठिकाणचे हाती लागते.

पिकांची फेरपालट तीन वर्षांची असे. एका शेतात शरद ऋतूत गहू पेरीत, दुसऱ्यात वसंत ऋतूत जव, वाटाणा अशी पिके घेत, आणि तिसरे पड ठेवीत. पुढील वर्षी पाळी एकेक शेताने सरके. अलीकडे तिसऱ्या शेतात जमीन मोकळी न ठेवता चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा आहे, परंतु फेरपालटीचा क्रम तोच आहे. पीक निघाले की पूर्वी साऱ्या गावाची गुरे त्या शेतात चरावयास सुटत. म्हणूनच एका शेतातील सर्वांनी एकच हंगाम पाळणे भाग असे. एकाने पेरणीस उशीर केला तर त्याचे उभे पीक आणि शेजाऱ्यांची मोकळी गुरे यांची गाठ पडे.

ओढ्याकाठची व तीव्र उताराची जी जमीन नांगरास योग्य नसे, ती गवतासाठी राखून ठेवीत. या गवताळ पट्ट्यांना तेथे ‘साइक’ म्हणतात. त्यांतील गवत सामाईक मालकीचे समजून त्याचा लिलाव करण्याची व आलेले पैसे हक्कदारांत वाटण्याची प्रथा होती. शेकडो वर्षे नांगर न लागल्यामुळे त्या पट्ट्यांत रानफुलांच्या अनेक जाती टिकून राहिल्या असून त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुंपण नसते आणि आपल्याकडे असतो तसा बांधही नसतो. दोन नांगरटींच्या मधली सरी हीच हद्द. नांगर हातभर सरकविला की शेजाऱ्याची जमीन आपल्याकडे आली. बांध कोरणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांतील लहान मुलासही ठाऊक असते. जेथे बांधच नाही तेथे हा मोह किती सोपा असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

४. फर्लांग, एकर व गुंठा

आपल्या शाळांत मोजमापांची जी कोष्टके अनेक पिढ्यांनी पाठ केली, त्यांतील काहींचा उगम अशाच शेतांत आहे. इंग्रजीतील ‘फर्लांग’ या शब्दाचा मूळ अर्थ नांगराच्या एका तासाची लांबी असा होतो. बैलांनी न थांबता ओढावयाचे तास सुमारे २२० यार्ड धरले जाई. एकर म्हणजे बैलांच्या जोड्या एका दिवसात नांगरतील तेवढी जमीन. पुढे या मापांना निश्चित रूप आले, तेव्हा २२० यार्ड लांब व २२ यार्ड रुंद अशा पट्ट्याचे क्षेत्रफळ ४,८४० चौरस यार्ड, म्हणजेच एक एकर ठरले. प्रत्यक्ष शेतातील पट्टे अर्थातच जमिनीच्या उतारानुसार लहानमोठे असत.

२२ यार्डांची, शंभर कड्यांची मोजणीची साखळी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये प्रचारात आणली. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमिनीची जी नवी मोजणी व आकारणी चालू केली, त्या पद्धतीत ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या निम्म्या लांबीची साखळी वापरली जाई व तिचे सोळा आणे पाडलेले असत. या साखळीच्या लांबीचा व रुंदीचा चौरस तुकडा म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सात-बाराच्या उताऱ्यावर आजचे क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिले जाते, तरी गावकऱ्यांच्या बोलण्यात एकर-गुंठे टिकून आहेतच. इंग्रजी शेतकऱ्याच्या नांगराचे तास व आपल्या शिवारातील गुंठा यांचे नाते या हिशेबातून मुलांना उलगडून दाखविता येईल.

५. १६३५ चा नकाशा

लॅक्स्टनच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे १६३५ मध्ये मार्क पिअर्स या मोजणीदाराने तयार केलेला गावाचा नकाशा. गावाचा तत्कालीन मालक सर विलियम कोर्टेन याने तो करवून घेतला. नकाशात प्रत्येक पट्टा, प्रत्येक घर, रस्ता, कुरण व गढीची टेकडी दाखविली असून, नांगरणारी, कापणी करणारी माणसे व गुरेढोरेही चितारली आहेत. नकाशासोबतच्या खर्ड्यात कोणता पट्टा कोणाकडे आहे व त्याचे क्षेत्र किती, याची नोंद आहे. हा नकाशा ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवला आहे.

हा कोर्टेन लंडनचा मोठा व्यापारी होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या मंडळीस इंग्लंडच्या राजाकडून पूर्वेकडील व्यापाराची परवानगी मिळाली, आणि १६३६ मध्ये त्या मंडळीची जहाजे गोव्याच्या बंदरात येऊन दाखल झाली. मात्र कोर्टेन स्वतः त्याच वर्षी मरण पावला होता. इंग्लंडातील एका आडवळणी खेड्याचा नकाशा आणि गोव्याचे बंदर ही दोन्ही एकाच व्यापाऱ्याच्या व्यवहारात अशी जवळ आली.

६. कुंपणे आली तेव्हा

एके काळी सर्वत्र असलेली ही पद्धत एका लॅक्स्टनमध्येच एवढ्या पूर्णपणे का उरली, हा प्रश्न साहजिकच पडतो. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने विखुरलेले पट्टे एकत्र करून, सामाईक जमिनी वाटून, त्यांभोवती कुंपणे घालण्याचे पाच हजारांहून अधिक कायदे संमत केले. सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा त्यांखाली आला. शेते सलग झाली. निचरा, खते, नवी पिके व सुधारलेली जनावरे यांचा अवलंब सोपा झाला. धान्याचे उत्पन्न वाढले. तुकड्यातुकड्यांच्या शेतीत किती वेळ व श्रम वाया जातात हे आपले शेतकरी जाणतातच. मुंबई राज्याने १९४७ मध्ये तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा केला तो त्याच कारणास्तव.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे. ज्या गरिबाकडे स्वतःची जमीन नव्हती, पण जो गावाच्या गायरानात एखादी गाय चारून व सरपण गोळा करून संसार भागवीत असे, त्याच्या हक्काची कोठे कागदावर नोंद नसे. वाटणी झाली तेव्हा अशा पुष्कळांच्या पदरी काही आले नाही. अनेक ठिकाणी ते नुसते मजूर झाले, आणि पुढे कारखान्यांच्या गावी गेले. सुधारणा आवश्यक असली तरी तिचा भार कोणावर पडतो हे पाहिले पाहिजे, हा या इतिहासाचा धडा आहे.

लॅक्स्टनमध्ये जमीन प्रामुख्याने दोन मोठ्या जमीनदार घराण्यांत विभागलेली होती. त्यांचे एकमत न झाल्यामुळे पूर्ण वाटणी लांबत गेली, असे अभ्यासक मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅन्व्हर्स यांनी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या कमी केली, पण तीन शेतांची पद्धत मोडली नाही. १९३८ मध्ये ऑर्विन पतिपत्नींनी या शेतांवर ग्रंथ प्रसिद्ध केला व गावाचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. १९५२ मध्ये ही इस्टेट कृषिखात्याने विकत घेतली. १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या मालमत्तेत गेली. आणि २०२० मध्ये मॅन्व्हर्स घराण्याचे मूळ ठाणे असलेल्या थोर्सबी इस्टेटीकडे परत आली.

७. शेतपाहणी व गावची न्यायसभा

मालक बदलले, तरी शेतांची व्यवस्था शेतकऱ्यांच्याच हाती राहिली. तिचे साधन म्हणजे ‘कोर्ट लीट’ नावाची गावची न्यायसभा. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, ज्या शेतात नुकताच गहू पेरला असेल त्या शेताची पाहणी करण्यासाठी शेतकऱ्यांतून नेमलेले पंच निघतात. थंडीत, चिखल तुडवीत, ते पट्ट्यापट्ट्याने सारे शेत चालून जातात. हद्दीच्या ठिकाणी खुंट ठोकतात. कोणी सामाईक गवताळ पट्ट्यात नांगर घातला आहे काय, शेतरस्ता अरुंद केला आहे काय, हे पाहून दोषी असेल त्याला दंड ठरवितात. पंच हे स्वतः शेतकरीच असल्यामुळे कित्येकदा पंचाचाच दोष निघतो, व तोही लिहिला जातो.

सुमारे आठवड्याने न्यायसभा भरते. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो आणि बेलिफ उपस्थितांची नावे पुकारतो. पंचांचा अहवाल वाचला जातो, दंड कायम होतात, आणि पुढील वर्षी ज्या शेतात गहू येणार त्याचे पंच नेमले जातात. दंडाची रक्कम मोठी नसते. आपले नाव सर्वांसमक्ष वाचले जाणे हाच खरा दंड होय. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडातील अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार संपुष्टात आणले. लॅक्स्टनच्या सभेस मात्र आपले परंपरागत शेतीविषयक काम चालू ठेवण्याची मुभा राहिली.

ही सभा गावातील ज्या पानगृहात भरते त्याचे नाव ‘डव्हकोट’, म्हणजे पारव्यांची ढाबळ, असे आहे. त्यालगतच एक लहानसे माहितीकेंद्र असून तेथे शेतांची माहिती मिळते. गावात जुना कोंडवाडाही जतन केला आहे. चुकार जनावर कोंडावयाचे, व मालकाने दंड भरल्यावर सोडावयाचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

८. इंग्रजी खेड्यातील सोयी

लॅक्स्टनवरून नजर काढून सर्वसामान्य इंग्रजी खेड्याकडे पाहिले, तर तेथील सोयीही एकेक करून आल्या असे दिसते. सर्वांत जुने ते प्रार्थनामंदिर. १५३८ पासून तेथील धर्मगुरूंना बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा झाली. त्या वह्या आज गावोगावच्या इतिहासाची पहिली साधने आहेत. १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळा सर्वत्र उघडण्याची सोय झाली, १८८० मध्ये शिक्षण सक्तीचे झाले, व १८९१ मध्ये ते बहुतांशी निःशुल्क झाले. १८९४ मध्ये ग्रामसभा व ग्रामपंचायती स्थापन करण्याचा कायदा झाला. १९०२ च्या कायद्याने शाळांचा कारभार परगण्यांच्या व मोठ्या शहरांच्या परिषदांकडे आला. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, ती घटना याच स्वरूपाची होती. पहिल्या महायुद्धानंतर अनेक खेड्यांनी मृत सैनिकांच्या स्मरणार्थ गावसभागृहे बांधली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओघ उलटा फिरला. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर आडमार्गावरील अनेक लोहमार्ग बंद झाले. यंत्रे आल्यामुळे शेतमजूर कमी झाले. मोटार बाळगणारी, शहरात नोकरी करणारी कुटुंबे खेड्यांत राहावयास आली, घरांच्या किमती वाढल्या आणि गावच्याच तरुणांना तेथे घर घेणे अवघड झाले. दुकान, टपाल कचेरी, पानगृह व लहान शाळा अनेक गावांतून नाहीशी झाली. भिंतींवर वेली चढलेले सुंदर गाव दिवसभर ओस दिसावे, असे चित्र कित्येक ठिकाणी आहे.

मात्र काही गावांनी हात बांधून बसणे पत्करले नाही. शेकडो खेड्यांत गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर वर्गणी जमवून बंद पडलेले दुकान स्वतः चालविण्यास घेतले. माणसे पाळीपाळीने तेथे विनावेतन बसतात. १९३५ मध्ये आराखडा झालेली टेलिफोनची लाल खोकी निरुपयोगी ठरली, तेव्हा अनेक ग्रामपंचायतींनी ती एका पौंडास घेऊन त्यांत लहान वाचनालये थाटली. सोय बाहेरून येऊ शकते. ती टिकविण्यासाठी मात्र लॅक्स्टनच्या पंचांप्रमाणे गावकऱ्यांनी दरवर्षी स्वतः चालून पाहणी करावी लागते.

९. वर्गात घ्यावयाचे काम

(अ) शिवारफेरी : सुगीनंतरच्या एखाद्या सकाळी इयत्ता चौथीच्या मुलांना गावाच्या शिवेपर्यंत न्यावे. ओढा, पाणंद, गायरान, विहिरी, देवराई, कोंडवाड्याची जागा यांची नावे मुलांकडूनच वदवून घ्यावीत. शेतांना व माळांना जी जुनी नावे असतात त्यांची यादी करावी. ती बहुधा कोणत्याही कागदावर नसते.

(आ) नकाशा : तलाठ्याकडील गावनकाशा पाहून मुलांनी स्वतःचा मोठा नकाशा काढावा व पिअर्सप्रमाणे त्यात काम करणारी माणसे व जनावरे रंगवावीत. खाली वर्ष घालून तो दप्तरी ठेवावा. पाच वर्षांनी पुन्हा काढलेल्या नकाशाशी तो ताडून पाहता येईल.

(इ) गणित : ३३ फुटांची दोरी घेऊन मैदानावर एक गुंठा आखावा. त्यावरून एकर व नंतर आर यांची कल्पना द्यावी.

(ई) शाळेचे दप्तर : इंग्लंडात १८६२ च्या नियमावलीपासून अनुदान घेणाऱ्या शाळांत मुख्याध्यापकांना नोंदवही ठेवावी लागे. कापणीच्या दिवसांत मुले गैरहजर, ही तक्रार तीत जागोजागी आढळते. आपल्या शाळेतील जुनी हजेरीपत्रके व दाखल-खारीज रजिस्टर यांवरून कोणत्या महिन्यात हजेरी उतरे व मुली शाळेत केव्हापासून आल्या, याचा तक्ता वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घ्यावा.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बांधांचे तंटे हे गावात जिवंत असतात. कोणाचा बांध कोणी सरकविला याची चर्चा वर्गात होऊ देऊ नये. मुलांचे लक्ष हद्दीच्या खुणा, सामाईक जागा व त्यांचे नियम यांकडे वळवावे. तंट्याचा निवाडा करणे हे शाळेचे काम नव्हे. न्यायाने वागणाऱ्या शेजाऱ्याची ओळख करून देणे हे मात्र तिचे काम आहे.

१०. अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. एका शेतातील सर्वांनी एकच हंगाम पाळणे लॅक्स्टनमध्ये का आवश्यक होते? आपल्याकडे पाणीवाटपात असे कोणते नियम पाळावे लागतात?
२. जमिनी सलग करण्याचे लाभ कोणते? त्यात कोणाचे नुकसान झाले, व ते टाळता आले असते काय?
३. पंचाने स्वतःचाच दोष नोंदविण्याच्या प्रथेचे गावाच्या एकीवर काय परिणाम होत असतील?
४. आपल्या गावातील सामाईक जागा कोणत्या? त्यांची अखेरची पाहणी केव्हा व कोणी केली?
५. आपल्या गावातील कोणती सोय गावकऱ्यांच्या श्रमाने उभी राहिली, आणि आज तिची देखभाल कोणाकडे आहे?